आडी महिन्यातला स्वच्छ सूर

…काढूनच टाका तो माईक. वर-खाली करू नका, तो माझ्या उंचीला येणार नाही. मी जन्मभर वर्गात बोलले आहे, शेवटच्या बाकापर्यंत. मागे ऐकू येतंय ना? मग बसा. खिडकीपाशी उभे आहात, तुम्हीही बसा. सतरंजीवर जागा आहे.

मी रघुनाथची अक्का. थोरली बहीण. धाकट्या भावाच्या शोकसभेत थोरलीनं बोलायचं, हे उलटं आहे. मला ते जड जातंय. पण घरात आता मीच आहे, तेव्हा मीच बोलणार.

तुम्ही इतके जण आलात. तंजावरची जुनी घरं आली आहेत. चेन्नईच्या पेरुंगुडी भागातल्या ऑफिसांतून मुलं थेट आली आहेत, गळ्यातली ओळखपत्रंही काढली नाहीत. रघुच्या संस्थेतली माणसं आहेत, त्यांना मराठीतलं एक अक्षर कळत नाही, आणि तरी ती पहिल्या रांगेत बसली आहेत. सगळ्यांना नमस्कार.

मी रडायला उभी नाही. रडून झालं आहे. मला सुटल्यासारखं वाटतंय. शोकसभेत हा शब्द बरा दिसत नाही, मला कळतं. कालपासून मी दुसरा शब्द शोधत होते. सापडला नाही. म्हणून का सुटल्यासारखं वाटतंय, तेवढं सांगते. बाकी त्याचे गुण तुम्ही सांगितलेच आहेत. थोडे जास्तच सांगितलेत.

आधी भाषेबद्दल. घरी आम्ही जी मराठी बोलतो ती ऐकून पुण्याची माणसं हसतात. मी एम.ए.ला तिकडे गेले तेव्हा वसतिगृहातल्या मुली मला पुन्हा पुन्हा बोलायला लावायच्या. मग मी ही मराठी शिकले. रघु शिकला नाही. तो म्हणायचा, अक्का, तुझी मराठी इस्त्रीची आहे. तेव्हा त्याचं बोलणं मी माझ्या मराठीत सांगते. तंजावरच्यांनी मनातल्या मनात चुरगळून घ्यावं.

रघु काय काम करायचा? आमच्या गल्लीत सांगत, लाइटचं काम करतो. शेजारच्या कमलामामींनी एकदा त्याला ट्यूबलाइट बघायला बोलावलं. तो गेला. स्टार्टर बदलून आला. मी म्हटलं, सांगितलं नाहीस का त्यांना, तुझं काम वेगळं आहे म्हणून? तो म्हणाला, काय सांगायचं? लाइट लागला. सरी, ठीक. झालें.

मला त्यानं माईकवरून समजावलं होतं. अशाच एका सभेत कोणीतरी माईक कर्ण्यासमोर नेला आणि हॉल किंचाळला. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. रघु खुशीत. म्हणाला, ऐक अक्का, ऐक, हेच माझं काम. आवाज माईकमधून कर्ण्यात जातो, कर्ण्यातून परत माईकमध्ये येतो. असा फिरता फिरता त्यातला एकच सूर मोठा होत जातो, बाकीचे मरतात. मी हेच करतो. फक्त हवेऐवजी काचेचा तंतू आणि आवाजाऐवजी प्रकाश. लेसरचा प्रकाश लांबच लांब तंतूतून धावतो. टोकाला त्याची वीज होते. ती वीज परत त्याच प्रकाशाला लुकलुकायला लावते. फिरून फिरून एक ठोका उरतो. सेकंदाला अब्जावधी वेळा पडणारा. आणि प्रत्येक ठोका आधीच्यासारखा.

मी विचारलं, तो कोणाला हवा आहे?

म्हणाला, रडारला. मोबाइलच्या मनोऱ्यांना. आकाशातले रेडिओचे आवाज टिपणाऱ्या दुर्बिणींना. तुझ्या मनगटावरच्या घड्याळात स्फटिक आहे, तोही ठोकेच देतो, पण सावकाश. ते ठोके गुणून गुणून वाढवले की त्यांतली खरखरही गुणली जाते. प्रकाशाला गुणावं लागत नाही. तो मुळातच पळतो.

एवढं मला समजलं. पण एवढं जगात आधीच झालं होतं. एक यंत्र, एक सूर. रघुला सरकता सूर हवा होता. हार्मोनियम आणि व्हायोलिन यांत जो फरक आहे, तो. बोट सरकवावं, कुठेही थांबवावं, आणि जिथे थांबेल तिथे सूर स्वच्छ. लेसरचा रंग किंचित बदलायचा, डोळ्याला दिसणारही नाही इतका किंचित, की सूर सरकतो. सरकायला हवा. त्याचा सरकत नव्हता. उड्या मारायचा. लांब तंतूत एकमेकांना खेटून हजारो सूर मावतात. रंग बदलला की यंत्र एकावरून दुसऱ्यावर घसरे. तंतू आखूड घेतला तर उड्या थांबत, पण सूर खरखरीत होई.

मग त्यांनी दोन्ही घेतले. एक लांब वेटोळं, एक आखूड. दोघांना चालेल तोच सूर टिकतो. दोन वेटोळ्यांची युक्ती रघुची नव्हती, हे तो स्वतः प्रत्येकाला सांगायचा. ती आधी छापून आली होती. रंग बदलत असतानाही ती टिकवायची, हे काम रघुचं आणि मनीषाचं.

मनीषा ही इथे दुसऱ्या रांगेत आहे, निळ्या ओढणीची. नगरची मुलगी. रघुची विद्यार्थिनी. मान खाली घालू नकोस गं, मी तुझं वाईट सांगणार नाही.

तिची आई दर रविवारी नगरहून फोन करायची. मनीषा आमच्याकडे जेवायला असायची, त्यामुळे मलाही ऐकू यायचं. आई विचारायची, तुझं ते चक्र अजून फिरतंच आहे का? इकडे स्थळं किती दिवस थांबतील? मनीषा म्हणायची, आई, सूर लागत नाहीये. आई म्हणायची, गाणं शिकायला पाठवलं होतं का तुला?

जूनमध्ये यंत्र बसलं. सूर सरकू लागला, उड्या थांबल्या. पण त्यावर खरखर होती. पडद्यावर एक सरळ बारीक सुळका दिसायला हवा. तो दिसायचा, पण पायथ्याशी झाडी उगवल्यासारखा. कधी झाडी असे, कधी नसे. सकाळी असे, दुपारनंतर नसे. दोन दिवस नसे, मग परत. त्यांनी ॲम्प्लिफायर बदलला. लेसरचा वीजपुरवठा बदलला. एसी बंद करून घामाघूम होऊन मोजलं. जुलैच्या मध्याला त्यांनी आखूड वेटोळं काढलं आणि दुसऱ्या मापाचं बसवलं. आणि खरखर गेली.

गेली ती गेलीच. दिवस गेला, आठवडा गेला, परत आली नाही. रंग बदला, सूर सरकतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ. रघु घरी आला तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत. मी ओरडले, डॉक्टरांनी काय सांगितलंय? त्याचं हृदय थकलेलं आहे, हे आम्हाला तेव्हाच कळलं होतं. जिने चढू नका, ताण घेऊ नका, मीठ कमी करा. त्यानं मीठ कमी केलं.

त्या महिन्यात त्यांनी सगळी मोजमापं घेतली. निबंध लिहिला. सूर का स्वच्छ झाला याचं कारण लिहिलं: वेटोळ्याचं नवं माप. निबंध परदेशातल्या एका नियतकालिकाला पाठवला. मनीषाच्या प्रबंधाचा कणा तोच होता.

ऑगस्टच्या शेवटी खरखर परत आली.

काही बदललं नव्हतं. तेच वेटोळं, तोच लेसर, तीच खोली. आणि त्याच आठवड्यात नियतकालिकाचं उत्तर आलं. छापतो म्हणून.

तुम्हाला वाटेल, आनंद झाला असेल. तो घरी आला आणि चपला न काढता खुर्चीत बसला. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, अक्का, मी खोटं लिहिलं आहे.

मी म्हटलं, खोटं कसं? महिनाभर स्वच्छ होता ना? मोजलंत ना?

म्हणाला, मोजलं ते खरं. पण का स्वच्छ होता ते मला माहीत नव्हतं, आणि मी कारण लिहिलं. वेटोळ्यामुळे, असं लिहिलं. ते कारण खरं असतं तर खरखर परत का आली? आता जगात कोणीतरी ते वाचणार, त्या मापाचं वेटोळं करणार, महिने घालवणार.

संस्थेत लोकांनी समजावलं. तपासणाऱ्यांनी मान्य केलंय, तुम्ही कशाला खोदताय? नंतर एक दुरुस्ती छापता येईल. हे सगळं प्रेमानंच सांगितलं, त्याची तब्येत माहीत होती म्हणून. तो ऐकून घ्यायचा. ऐकून घेण्यात तो हुशार होता. मग त्यानं मनीषाला सांगितलं, सोमवारी मी निबंध मागे घेतो. तुझा प्रबंध पुन्हा उभा करावा लागेल. एक वर्ष जाईल. कदाचित जास्त.

मनीषा काय म्हणाली ते मला रघुनं सांगितलं. ती म्हणाली, जाऊ दे सर, वर्ष. पण मागे घेण्याआधी कळू तरी दे काय झालं ते.

वर्ष जाऊ दे म्हणणं तिला शक्य होतं. त्याला वर्ष होतं का? हे त्या दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या सोमवारच्या आधीचा रविवार. कमलामामींच्या मुलीचं लग्न. सकाळचा मुहूर्त. रघु येणार नाही म्हणाला. मी म्हटलं, उद्या काय करायचं ते कर, आज रेशमी वेष्टी नेस आणि चल. त्या मुलीला तू कडेवर घेऊन फिरवलं आहेस. तो आला. चेहरा असा, की मामींच्या नवऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, जेवणाबद्दल काही तक्रार आहे का.

कल्याण मंडपम, म्हणजे कार्यालय, संस्थेच्या मागच्या भिंतीला लागून आहे. अलीकडे केळीचे खांब आणि दिव्यांच्या माळा, पलीकडे तळमजल्यावर रघुची प्रयोगशाळा. मध्ये एक भिंत आणि एक कडुनिंब. मनीषा तिकडे होती. शेवटचं एकदा मोजते म्हणाली होती.

आता नवीन आलेल्यांसाठी सांगते. इथल्या लग्नात नादस्वर असतं, म्हणजे लांब सनई, आणि बरोबर तविल. तविल म्हणजे ढोल, पण एका बाजूनं काठीनं आणि दुसऱ्या बाजूनं बोटांवर कडक टोप्या चढवून वाजवायचा. ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधायच्या क्षणी भटजी हात वर करून ओरडतात, गेट्टी मेळम! आणि सगळे वाजवणारे एकदम तुटून पडतात. कारण त्या क्षणी कोणाची शिंक, कोणाचं रडणं, कसलाही अशुभ आवाज कोणाच्या कानावर पडू नये. तेवढ्यासाठी कान बंद करणारा आवाज करायचा.

तर भटजींनी हात वर केला. गेट्टी मेळम सुरू झाला. आणि रघुचा मोबाइल वाजला.

मनीषा कधी फोन करत नसे. मिस्ड कॉल द्यायची. त्या दिवशी फोन वाजतच राहिला. रघु पहिल्या रांगेत होता. त्यानं एक कान बोटानं दाबला आणि ओरडला, काय?

तिकडून ती ओरडली, सर, खूप वाढली!

काय वाढली?

खरखर! इतकी कधीच नव्हती!

इकडे ताली बांधून झाली. अक्षता पडल्या. गेट्टी मेळम थांबला.

रघु अजून ओरडत होता. आता शांततेत. काय म्हणालीस? सगळा मंडप त्याच्याकडे बघायला लागला.

मग तो ऐकायला लागला. फोन कानाला तसाच. मी शेजारी होते, मला तिचा आवाज ऐकू आला. ती म्हणत होती, सर, गेली. आत्ता गेली.

मी माझ्या भावाचा चेहरा लहानपणापासून पाहत आले आहे. तो चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तो उठला. नवरानवरीला ओलांडून म्हणता येईल असा, अक्षता तुडवत, वाजवणाऱ्यांकडे गेला. फोन कानाला. म्हणाला, पुन्हा वाजवा.

नादस्वरवाले वयस्कर होते. त्यांनी घाम पुसला. म्हणाले, सार, ताली झाली.

ताली राहू द्या. गेट्टी मेळम वाजवा.

कमलामामी धावत आल्या. अय्यो, रघु, हे काय? ताली एकदाच बांधतात रे!

नवरीचा मामा मागून म्हणाला, सारांना स्वतःचं उरकायचं असेल. इतकी वर्षं थांबले, आता धीर धरवत नाही.

सगळे हसले. माझा भाऊ अविवाहित होता हे सगळ्यांना माहीत होतं. रघुला हसू ऐकूच आलं नाही. तो नादस्वरवाल्यांसमोर हात जोडून उभा होता आणि त्या हातांत मोबाइल होता.

मी मामींना म्हटलं, वाजवू द्या. मी तुमच्याकडे आजपर्यंत काही मागितलं नाही.

मामींनी माझ्याकडे पाहिलं. मग वाजवणाऱ्यांकडे वळून म्हणाल्या, वाजवा हो. माझ्या मुलीचा संसार एवढ्यानं मोडत नाही.

तविलवाल्यानं खांदे उडवले आणि वाजवलं. रघुनं हात वर केला होता, भटजींसारखा. फोनमध्ये मनीषा ओरडली, आली! रघुनं हात खाली आणला. तविल थांबला. ती म्हणाली, गेली. रघुनं हात वर केला. आली. खाली. गेली. तिसऱ्या वेळेला तविलवाल्याला मजा यायला लागली, तो आपणच थांबेना. नवरी पदर तोंडावर धरून हसत होती. भटजी म्हणाले, एका मुहूर्तात इतकी लग्नं मी लावलेली नाहीत.

रघु बोहल्याच्या पायरीवर बसला. वेष्टीला हळद लागली. मी घाबरले, मला वाटलं त्याचं हृदय. मी वाकले. तो माझ्याकडे बघून एकच शब्द बोलला.

आडी.

आणि मला समजलं. तुमच्यातल्या तंजावरच्यांना समजलं आहे, मी बघते आहे. पेरुंगुडीच्या मुलांसाठी सांगते. आडी हा तमिळ महिना. जुलैच्या मध्याला लागतो, ऑगस्टच्या मध्याला संपतो. आडीत लग्न लावत नाहीत. मुंज नाही, गृहप्रवेश नाही, काही नाही. मंडपमांना कुलूप. दुकानदार रिकामे बसायला नकोत म्हणून साड्यांवर सूट देतात, ती आडीची सूट तुम्ही सगळ्यांनी घेतलेली आहे. मग आवणी लागतो आणि राहिलेली सगळी लग्नं एकदम लागतात.

त्यांनी वेटोळं बदललं त्याच सुमाराला आडी लागला होता. खरखर गेली ती वेटोळ्यामुळे नव्हे. भिंतीपलीकडचा तविल गप्प झाला म्हणून गेली. काचेचा तो लांब तंतू आवाजानं थरथरतो. थरथरला की केसाच्या अंशाइतका लांब होतो, आखूड होतो. तेवढं त्या सुराला पुरतं.

खोलीत बसून त्यांना तविल ऐकू येत नव्हता का? येत असणार. पण चेन्नईत नादस्वर ऐकू येणं म्हणजे कावळा ऐकू येणं. कोण ऐकतं? आमच्या स्वयंपाकघरात रोज पान फाडायचं कॅलेंडर आहे, त्यावर मुहूर्ताचे दिवस छापलेले असतात. रघु रोज त्याच्याखाली बसून कॉफी प्यायचा. त्याला पंचांगाशी घेणंदेणं नव्हतं. मनीषाला आडी माहीत नव्हता, कारण ती नगरची. रघुला तो सुचला नाही, कारण तो इथला.

म्हणजे काय झालं? लिहिलेलं कारण चुकीचं होतं. पण यंत्र बरोबर होतं. सूर स्वच्छच होता. खरखर त्याची नव्हती, बाहेरची होती. बारा महिन्यांतला एक महिना यंत्राला निवांत मिळाला आणि त्या महिन्यात ते जसं होतं तसं दिसलं.

पण हे असं पायरीवर बसून म्हणणं पुरेसं नव्हतं. सिद्ध करायला हवं होतं. त्यांनी दोन्ही वेटोळी एका पेटीत ठेवली, पेटी स्पंजात, स्पंज वाळूत. मग मुहूर्ताच्या दिवसांची वाट पाहू लागले. मनीषा मला संध्याकाळी फोन करायची. आता मिस्ड कॉल नाही, खरा फोन. अक्का, उद्या मुहूर्त आहे का? चांगला दणदणीत आहे का? मी कॅलेंडर बघून सांगायची. एकदा म्हटलं, पोरी, हे तुझ्या आईनं ऐकलं तर नगरात पेढे वाटेल.

आवणीतल्या भर मुहूर्तावर, भिंतीपलीकडे दोन तविल चालू असताना, सूर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकला. स्वच्छ. मी स्वतः तिथे होते. रघुनं मला खुर्ची दिली आणि पडदा दाखवला. मला एक बारीक सुळका दिसला. पायथ्याशी झाडी नव्हती. मी म्हटलं, एवढंच? म्हणाला, एवढंच.

निबंध मागे घेतला नाही. त्यातलं कारण काढलं आणि खरं कारण घातलं. मोजमापांच्या वेळी परिसरात मोठा आवाज नव्हता, पुढे आवाज असताना पेटीत ठेवून पुन्हा मोजलं, असं. तिकडून विचारणा आली, आवाज कसला? रघुनं उत्तर लिहिलं, विवाहांचा. त्यावर पुन्हा काही विचारणा आली नाही.

त्यानंतरचे महिने तो वेगळाच होता. जे यंत्र ऐकतं म्हणून तो रडत होता, त्याला तो मुद्दाम ऐकायला लावू लागला. म्हणाला, आवाज नको असेल तर पेटीत ठेवायचं, हवा असेल तर पेटीतून काढायचं. गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात त्यांनी मोठ्या पंपाच्या पायाला असा तंतू चिकटवला. पंपाचं बेअरिंग झिजू लागलं की सूर किती हलतो, ते बघायला. उद्या असे तंतू पुलांना लावतील, धरणांना लावतील, असं तो म्हणे. अजून पुष्कळ व्हायचं आहे. पंपाशेजारी लॉरी उभी राहिली तरी सूर हलतो. मनीषा आता लॉऱ्यांचं वेळापत्रक विचारत फिरते.

पोंगल, म्हणजे संक्रांत, झाली आणि त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. ते दिवस मी सांगत बसत नाही. एकच सांगते. तो मधूनमधून पूर्ण शुद्धीवर यायचा, माझ्याशी बोलायचा. कामाबद्दल एक शब्द बोलला नाही. मला आधी वाईट वाटलं. मग समजलं, बोलण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. मनीषा भेटायला आली तेव्हा तिला म्हणाला, तुझी मौखिक परीक्षा मुहूर्ताच्या दिवशी ठेवायला सांग, बघू त्यांना तुझं बोलणं ऐकू येतं का. ती हसली आणि बाहेर जाऊन रडली. मला म्हणाला, अक्का, कॉफी. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. मी दिली. ती त्यानं संपवली, पेला माझ्या हातात दिला, आणि म्हणाला, बरें झालें.

आजपर्यंत इथे येणाऱ्या प्रत्येकानं मला एक वाक्य ऐकवलं आहे. अजून दहा वर्षं मिळायला हवी होती. हो, हवी होती. मला काय नको होती? त्याचं किती तरी काम अर्धं राहिलं. पण काम अर्धं ठेवून जाणं आणि संशय मागे ठेवून जाणं, या दोन गोष्टी एक आहेत का? अर्धं काम कोणीतरी उचलतं. इथे बसली आहे उचलणारी. संशय कोण उचलणार? आपण जे लिहून ठेवलं ते खरं होतं का, हे न कळता तो गेला असता. तो लग्न टाळून घरी बसला असता तर तसाच गेला असता. नियतकालिकात छापून आलं असतं, संस्थेनं सत्कार केला असता, आज तुम्ही हीच भाषणं केली असती. आणि मी इथे उभी राहून गप्प बसले असते, कारण तो कशात गेला ते फक्त मला माहीत असतं.

तसं झालं नाही. तसं झालं नाही, म्हणून मला सुटल्यासारखं वाटतंय. तुम्हीही घरी जाताना फार जड होऊ नका.

कमलामामी, तुम्ही मागे बसला आहात, पुढे या म्हटलं तर येणार नाही. तुम्ही त्या दिवशी वाजवा म्हणालात. मी तुमचे आभार आजपर्यंत मानले नाहीत. आज चारचौघांत मानते.

आता उभे राहू या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच राहा, रघुला चालेल. बाहेर बस जाईल, भाजीवाला ओरडेल. जाऊ दे. आपण आपल्यापुरते गप्प राहू.

रघुनाथ, तुझी अक्का तुला नमस्कार करते. थोरलीनं धाकट्याला करायचा नसतो. आज करते.

आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवसाचं सांगायचं राहिलं. सोमवार होता. निबंध मागे घ्यायचं पत्र पाठवायला तो पहाटे उठणार होता. सकाळ झाली, दूधवाला येऊन गेला, उन्हाची तिरीप त्याच्या पलंगापर्यंत आली. तो झोपला होता. मी उठवलं नाही.